खान्देशातली फोर-बाय-फोर आणि ए/टी टायर: काट्यासाठी घ्या, चिखलासाठी नको

ए/टी, म्हणजे ऑल-टेरेन (सगळ्या वाटांवर चालणारा) टायर विकणारा दुकानदार आधी ठोकळ्यांमधल्या खाचेत बोट घालून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, चिखलातून कशी निघेल गाडी." खान्देशातल्या गिऱ्हाइकाने नेमकं इथेच सावध व्हावं. तापीकाठच्या काळ्या जमिनीत चांगला पाऊस झाला की कितीही महागाचा ए/टी बांध ओलांडून थोडा आत गेला की गोटा होतो. ती माती पाण्याने फुगते आणि चिकटते. चाकाचे दोन-चार फेरे झाले की खाचा भरतात, मग नवा टायर आणि घासलेला टायर सारखाच. एम/टी, म्हणजे मड टायर, आणखी थोडा पुढे जातो. त्याच्या खाचा रुंद असतात आणि चाक जोरात फिरलं की माती बाहेर फेकली जाते. पण ॲक्सल जमिनीला टेकला की त्याचाही खेळ संपतो. ओल्या काळ्या वावरात जायचंच असेल तर दोन दिवस ऊन पडू द्यावं, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याचा नंबर जवळ ठेवावा.

मग ए/टी घ्यायचा कशासाठी? काटा आणि धसकटं, सातपुड्यातली धारदार खडी, आणि एप्रिल-मे मधलं तापलेलं डांबर, या तीन गोष्टींसाठी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत टायर मरतात ते यांनीच. पुढची सगळी निवड याच हिशोबाने केली आहे.

काटा आणि कपाशी

शिवाररस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ वाढलेली असते. बांधावर बोर, नाल्याकाठी गावठी बाभूळ. छाटणी झाली की फांद्या वाटेतच पडतात. गावठी बाभळीचा काटा दोन-अडीच इंचांपर्यंत लांब असतो, तो कुठल्याच टायरची नक्षी अडवू शकत नाही. नव्या ए/टीचा फायदा लहान काट्यांना होतो: ठोकळ्याच्या जाड रबरातच काटा मोडतो, आतल्या थरापर्यंत पोचत नाही. साध्या ए/टीच्या खाचांची खोली नवी असताना नऊ-दहा मिलिमीटर असते, जड बांधणीच्या काही ए/टीची बारापर्यंत. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालवता येतो, पण शिवारात फिरणाऱ्या गाडीला ४ मिलिमीटर उरले की टायर बदलायला आले असं समजावं. त्याच्या खाली गेलं की आठवड्याला पंक्चर ठरलेलं.

ट्यूबलेस टायरमध्ये काटा रुतला तर लगेच उपटू नका. काटा स्वतःच भोक बुजवून बसलेला असतो, तसाच दुकानापर्यंत नेता येतो. दुकानात चाक पाण्याच्या टाकीत पूर्ण फिरवून घ्या, कारण बाभळीखालून गेलेल्या टायरला एकच काटा कधीच नसतो. एक भोक बुजवून घरी यायचं आणि सकाळी चाक पुन्हा बसलेलं, याचं कारण हेच. रस्त्यात वात, म्हणजे भोकात ठासायची रबरी दोरी, घालून काम भागतं. घरी आल्यावर मात्र टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्यावा, आणि मोडलेल्या काट्याची टोकं आतून हात फिरवून शोधायला सांगावं, चामड्याचा हातमोजा घालून. टायरमध्ये ओतायचं सीलंट काट्यांवर चांगलं काम करतं, पण चाकाचं बॅलन्सिंग बिघडवतं आणि पुढे पॅच लावणाऱ्याच्या शिव्या मिळतात. शेतातच फिरणाऱ्या जुन्या जिपड्याला चालेल, रोज हायवेवर जाणाऱ्या गाडीला नको.

काट्यापेक्षा वाईट धसकटं. कपाशी काढून झाली की पऱ्हाट्या विळ्याने तिरक्या कापतात. जमिनीवर चार-सहा बोटं उरलेलं ते खुंट वाळलं की खिळ्यासारखं कडक होतं. तुरीचं त्याहून कडक. अशा वावरात नक्षीला भोक पडलं तर पंक्चर निघतं. बाजूला, म्हणजे साइडवॉलला चीर गेली तर टायर गेला. साइडवॉलचं पंक्चर काढून देणारे भेटतात, पण त्या टायरवर भरोसा ठेवून घाट उतरू नये.

गाडी ओळींच्या मधून न्यावी, आडवी घालू नये. थारच्या दोन चाकांमधलं अंतर १५२० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट. पाच फुटी लागवड असेल तर दोन्ही चाकं बरोबर मोकळ्या पट्ट्यात चालतात. चार फुटी असेल तर चाकं पट्ट्याच्या मधोमध बसत नाहीत, खुंटांच्या जवळून जातात. सगळ्यात जास्त नुकसान बांधाजवळ वळताना होतं, कारण वळलेलं चाक बाजूने खुंटावर घासतं. वळण वावराच्या बाहेर काढून घ्यावं. (केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, ड्रिपच्या नळीवरून चाक गेलं तर टायरला काही होत नाही. शेतकऱ्याला होतं.)

सातपुडा

पाल, तोरणमाळ, धडगाव. डांबर आहे तिथपर्यंत कुठलाही टायर चालतो. तळोद्याहून चांदशैली घाटाने वर गेल्यावर पाड्यांकडे जे फाटे फुटतात, किंवा अस्तंभ्याच्या बाजूचे कच्चे रस्ते, तिथे काळा कातळ आणि फोडलेली खडी असते. बेसाल्टची ताजी कपची पात्यासारखी असते. तिथे दोन गोष्टी घडतात. कपच्या खाचेत अडकून प्रत्येक फेऱ्याला आत आत जातात आणि शेवटी आतल्या पट्ट्यांपर्यंत पोचतात. आणि चाक जागेवर फिरलं की ठोकळ्यांचे तुकडे उडतात.

पहिल्यावर उपाय फुकटचा आहे: अशा रस्त्यावरून आल्यावर बोथट स्क्रू ड्रायव्हर घेऊन चारही टायरच्या खाचा साफ करणे, दहा मिनिटांचं काम. दुसऱ्यावर उपाय म्हणजे चढावर पाय दाबण्याऐवजी फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर, टाकणे. लो रेंजला चाक हळू फिरतं आणि टायर वाचतो. टायर निवडताना खाचेच्या तळाशी लहान उंचवटे आहेत का ते बघा, ते खडे बाहेर ढकलण्यासाठी असतात. आणि ठोकळ्यांची नक्षी खांद्यावरून खाली साइडवॉलवर किती उतरली आहे तेही बघा. कपारीत घासताना तीच रबराची ढाल होते.

ऊन आणि हवा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. उन्हाळ्यात टायर फुटला की लोक म्हणतात हवा जास्त झाली होती. बहुतेक वेळा उलटं असतं. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकल्याने तापतो, तापून आतले थर सुटतात. भरीला मागे सहा माणसं किंवा खताच्या गोण्या, आणि धुळे-जळगाव रस्त्यावर शंभरचा वेग.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतो. सकाळी २५ अंशांना ३४ भरलेली हवा दुपारी उभ्या गाडीतच ३७ च्या पुढे दिसेल, पळाल्यावर ४० ला लागेल. हे बरोबर आहे, टायर याच हिशोबाने बनवलेला असतो. दुपारी पंपावर थांबून ती हवा काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर २८ वर असतो आणि फुटायची तयारी सुरू होते. नायट्रोजनचं कौतुक फार करू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडी हवा मिळते एवढाच फायदा. पंपावरच्या गेजवरही विसंबू नये, स्वतःचं गेज घ्यावं.

किती भरायची, हे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतं. डांबरावर तेवढीच. मुरमाच्या लांब रस्त्यावर त्यापेक्षा चार-सहा कमी, म्हणजे गाडी कमी आदळते आणि खडीवर टायर दबून चीर कमी पडते. गिरणा-पांझरेच्या पात्रातल्या वाळूत १६ ते १८. तिथे टायर पसरला पाहिजे, खणला नाही पाहिजे, म्हणून वाळूत ए/टी मड टायरपेक्षा बरा. १५ च्या खाली वळताना टायर रिममधून सुटतो. हवा कमी असताना वेग ३०-४० च्या वर नेऊ नये आणि डांबर लागलं की आधी हवा भरावी. त्यासाठी कॉम्प्रेसर बॅटरीला चिमट्यांनी जोडता येणारा घ्या. लायटरच्या सॉकेटवर चालणारे लहान पंप एवढ्या मोठ्या टायरला पुरत नाहीत, सॉकेटचा फ्यूज मात्र उडवतात.

पी-मेट्रिक की एलटी

दुकानात हा प्रश्न क्वचित कुणी विचारतो, पण पैसे वाया जातात ते इथे. एकाच नावाचा ए/टी दोन बांधणींत येतो. आकड्याआधी एलटी लिहिलेलं असेल तर ती हलक्या ट्रकची बांधणी: साइडवॉल जाड, थर जास्त, नक्षी खोल, वजनही बरंच जास्त. नुसता २५५/६५ आर १८ लिहिलेला असेल तर गाडीची बांधणी, म्हणजे पी-मेट्रिक, हलकी आणि मऊ.

एलटीला तेवढंच वजन उचलायला जास्त हवा लागते, साधारण पाच ते आठ पीएसआय जास्त. बरेच जण एलटी घालतात आणि स्टिकरवरचीच हवा ठेवतात, मग भरलेल्या गाडीत टायर तापतो. जाड टायर घेऊन वर हवा कमी, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. उलट रिकाम्या थारमध्ये एलटीला ४५ हवा भरली तर गाडी दगडासारखी उडते. चाकाचं वजन वाढलं की ब्रेक लागायला वेळ लागतो, पिकअप जड होतो, ॲव्हरेज अर्धा ते एक किलोमीटरने कमी पडतं.

आमचं मत सरळ आहे. अक्राणी, शिरपूरच्या वरची बाजू, चोपडा-यावलचा जंगलपट्टा इथे आठवड्यातून दोनदा जाणारी गाडी, किंवा केळी-माल ओढणारी पिकअप असेल तर एलटी. बाकी सगळ्यांना पी-मेट्रिक ए/टी पुरतो. दहापैकी आठ गाड्या याच दुसऱ्या गटात बसतात, मालकाला पहिल्यात बसायचं असलं तरी.

टायरच्या बाजूवर लिहिलेला लोड इंडेक्सही वाचा: १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०९ म्हणजे १०३०, १११ म्हणजे १०९०. कंपनीच्या टायरपेक्षा कमी आकडा कधीच घेऊ नका. वेगाचं अक्षर खाली आलं, क्यू म्हणजे १६० किंवा एस म्हणजे १८०, तरी आपल्या रस्त्यांना चालतं. डोंगरात बर्फाचा फुलोरा असं एक चिन्ह काही ए/टीवर असतं. ते बर्फात चाचणी झाल्याचं चिन्ह. भुसावळात त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

कुठला घ्यावा

नाव ऐकून घेऊ नका, नावापुढची अक्षरं वाचा. एमआरएफचा वाँडरर किंवा योकोहामाचा जिओलँडर हे एकेक कुटुंब आहे, त्यात रस्त्याचा एच/टीही असतो आणि ए/टीही. "वाँडरर टाकला" म्हणणाऱ्याच्या गाडीला रस्त्याचा टायर असू शकतो.

सीएट झार ए/टी थारवर कारखान्यातूनच २५५/६५ आर १८ मापात येत आलाय. नक्षी मवाळ, आवाज कमी, डांबरावर नीट. थार घेतल्या घेतल्या तो काढून भारीचे टायर घालणाऱ्यांची घाई आम्हाला पटत नाही. तो चार मिलिमीटरपर्यंत चालवावा, तोवर आपण गाडी खरंच कुठे नेतो ते कळलेलं असतं.

योकोहामा जिओलँडर ए/टी जी०१५ आमच्या लेखी बहुतेकांसाठी पहिला. ठोकळे एकमेकांच्या जवळ, त्यात बारीक चिरा भरपूर, त्यामुळे जूनच्या पहिल्या पावसात, धूळ-तेलाचा थर ओला झालेल्या डांबरावर ब्रेक भरोशाचा. पी-मेट्रिक मापात साइडवॉल मऊ आहे, त्यामुळे कपाशीच्या वावरात जपावं.

बीएफगुडरिच ऑल-टेरेन केओ२ याचं नाव मोठं, आणि दगडावर ते खरं आहे. साइडवॉलला तीन थर, खांद्यावर जाड रबर. २०२४ मध्ये त्याचा पुढचा अवतार केओ३ आला, म्हणून दुकानात उरलेला केओ२ मिळाला तर तारीख बघूनच घ्या. रबर कडक असल्याने ओल्या डांबरावर जी०१५ च्या मागे, आणि वजन चांगलंच. धडगावच्या गाडीला सोनं, धुळ्याच्या देवपुरातून ऑफिसला जाणाऱ्या गाडीला नुसता खर्च.

जनरल ग्रॅबर एटी३ या दोघांच्या मधला. खांद्याकडे उघडा, मध्ये घट्ट. मुरूम आणि खडी जास्त, डांबर मध्यम असा वापर असेल तर चांगला. ऐंशीच्या पुढे गुणगुण ऐकू येते, नक्षी घासत गेली की वाढते.

अपोलो ॲप्टेरा एटी२ आणि वाँडरर ए/टी यांची गोष्ट वेगळी. नक्षीत ते वरच्यांच्या बरोबरीला नाहीत, पण टायर कापला तर दुसरा लवकर मिळायची शक्यता जास्त. जून २०२० पासून टायरची आयात सरकारी परवान्याखाली गेली, तेव्हापासून बाहेरच्या टायरची मापं कधी येतात, कधी महिनोन् महिने येत नाहीत. दोन वर्षांनी एक साइडवॉल गेला आणि त्या नक्षीचा टायर मिळाला नाही तर? पार्ट-टाइम, म्हणजे हवं तेव्हाच चारही चाकांना ताकद देणाऱ्या, फोर-बाय-फोरमध्ये चारही चाकांचा घेर सारखा लागतो. कमी-जास्त घेराची चाकं फोर-हायमध्ये कडक रस्त्यावर चालली की ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर, येतो, स्टिअरिंग जड होतं, गिअर निघत नाही. म्हणून बाहेरचा टायर घ्यायचा तर पाच घ्या, स्टेपनीसकट, आणि पाचही फिरवत ठेवा. एवढे पैसे नसतील तर देशी टायर घ्या, चार घेऊन अडकू नका.

माप

मोठा टायर घालायची हौस सगळ्यांना असते. व्यास वाढला की स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि प्रत्येक गिअर जड होतो. जिम्नीचा १९५/८० आर १५ काढून २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ६९३ चा ७०३ मिलिमीटर होतो, फरक दीड टक्का, चालून जातं. तिथेच २३५/७५ आर १५ घातला तर ७३३, जवळजवळ सहा टक्के. लहान इंजिनाला ते चढावर झेपत नाही, आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर घासायची शक्यता वाढते. स्कॉर्पिओ-एनच्या २५५/६० आर १८ च्या जागी २५५/६५ घातला तर सव्वातीन टक्के. व्यास तीन टक्क्यांच्या आत ठेवा. मोठं माप घातलंच तर गाडी रिव्हर्समध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवून, एक पुढचं चाक दगडावर चढवून बघा. सपाट दुकानात न घासणारा टायर नाल्यात घासतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मापाबाहेर बदल चालत नाही, अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

दुकानात

टायरच्या बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. एक वर्षापेक्षा जुना टायर नको. आपल्याकडे टायर पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात पडलेले असतात, तिथे रबर लवकर वाळतं. चालवला नसला तरी पाच-सहा वर्षांनी टायर बदलावाच. आयएसआयचा शिक्का बघा. बिलावर प्रत्येक टायरचा सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटी मागायला तोच लागतो. आणि वॉरंटीत काटा, धसकट, कातळाची चीर येत नाही, हे आधीच समजून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. भाव विचारताना टायर, बसवणं, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट असा सगळा एकत्र विचारा.

व्हॉल्व्ह नवेच घ्या. जुन्या टायरबरोबर जुना व्हॉल्व्हही फेकला पाहिजे, नाहीतर हळूहळू हवा जाते आणि दोष नव्या टायरला मिळतो. नट इम्पॅक्ट गनने आवळून झाले की हाताच्या टॉर्क पान्याने तपासायला सांगा, गाडीच्या पुस्तकातला आकडा दाखवून. गनने जास्त आवळलेला नट रानात चाक बदलताना निघत नाही. शंभर किलोमीटर झाले की एकदा पुन्हा आवळा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल, कारण ए/टीचे ठोकळे एकाच जागी राहिले की करवतीसारखे घासतात आणि आवाज दुप्पट होतो. स्टेपनीची हवा त्याच दिवशी बघा. दारावर लटकलेली स्टेपनी दिवसभर उन्हात असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही, तिच्यात वीस हवा असल्याचं पंक्चर झाल्यावरच कळतं.